सतराव्या किलोमीटरचं वळण

‘भोंगा’ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ट्रक चालवायचा तेव्हा बरोबरच्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं, आणि ठेवलं ते चिकटलंच. आवाजच तसा होता त्याचा. हॉटेलात बसून हळूच मीठ मागितलं तरी आतला आचारी दचकून बाहेर यायचा. एकोणतीस वर्षं त्याने ट्रक हाकला. सिमेंट नेलं, लाकूड नेलं, एकदा एका सर्कशीचे तंबू नेले. मग डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला धुक्यातून पाहिल्यासारखंच दिसत राहिलं. डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि लायसन्स गेलं.

त्यानंतर आठ महिने तो घरात बसला. बसला म्हणजे काय, एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेला. शेवटी रस्ते खात्यातल्या सुपरवायझरबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

गावामागच्या डोंगरात धरण बांधलं, तेव्हा दगड वाहायला एक रस्ता काढला होता. धरण पुरं झालं, ट्रक गेले आणि रस्ता नुसता पडून राहिला. खात्याने त्यावर बारीक खडी अंथरून दाबली, दोन्ही तोंडांना लोखंडी दांडे बसवले आणि पाटी लावली: फक्त सायकली आणि पायी चालणारे. बसथांब्याजवळच्या दांड्यापासून वरच्या खिंडीपर्यंत एक्केचाळीस किलोमीटर. एवढ्या लांबीत मोटार नाही, स्कूटर नाही, हॉर्न नाही.

“सायकलवाल्यांना हेच हवं असतं,” बाई म्हणाल्या. “लांबलांबून येतात त्यासाठी.”

“आणि मी काय करायचं?”

“पाण्यावर लक्ष ठेवायचं. पाणी रस्त्यावर थांबलं की रस्ता गेला म्हणून समजा. बाकीचं येईल हळूहळू.”

आलं. खात्याने त्याला बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल दिली. तिच्या पुढच्या लाकडी पेटीत फावडं, दाताळं, पहार, तारेचं भेंडोळं, मलमपट्टीचा डबा आणि चहाचा थर्मास. सकाळी सातला दांडा ओलांडायचा. चर मोकळे करायचे, मोऱ्यांच्या तोंडातला पाला ओढायचा, वरून घरंगळलेले दगड पहारीने कडेला लोटायचे. वळणावर सायकलींचे ब्रेक लागून खडी बाहेर फेकली जाते, ती दाताळ्याने परत आत ओढायची. संध्याकाळपर्यंत जमेल तेवढं करून खाली यायचं. आयुष्यभर मासे विकले आणि म्हातारपणी वाळवंटात दुकान टाकलं, असं तो स्वतःशीच म्हणायचा. हसायचाही स्वतःशीच. दुसरं कोणी नव्हतंच.

पहिल्या वर्षी तो दिसेल त्या सायकलवाल्याला थांबवायचा. कुठून आलात, खिंडीत वारा कसा आहे, मी ट्रक चालवायचो तेव्हा एकदा असं झालं. समोरचा ऐकून घ्यायचा, पण त्याचा एक पाय पॅडलवरून हलायचा नाही. भोंग्याच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या वर्षी तो नुसतं सांगायचा, “पुढे मोरीपाशी खडी सुटी आहे, जपून.” तिसऱ्या वर्षी हात वर करायचा, तेवढंच. तेही हात वर करायचे. चाकांखाली खडी करकरत जायची, आणि मग तीही ऐकू यायची नाही.

घरी तरी कोण होतं. दोन खोल्या, खाली किल्ल्या करणाऱ्याचं दुकान. मुलीचं बाळंतपण करायला म्हणून बायको दोन वर्षांपूर्वी तिच्या शहरात गेली. दोन महिन्यांची बोली होती, चार झाले, मग नातीला दात आले, मग नात चालायला लागली, आणि परत यायचा विषय कोणीच काढेना. भांडण नव्हतं. भांडायला तरी माणसं एका छताखाली राहावी लागतात. संसार एकतीस वर्षांचा, पण दोघं एकत्र राहिल्याचे दिवस जोडले असते तर सहा वर्षंही भरली नसती. तो रस्त्यावर आणि ती शिवणकारखान्यात शर्टांना काजं करत, असंच चाललं होतं. त्याचं लायसन्स गेलं आणि तो घरी बसला, तेव्हा दोघांना एकमेकांच्या वाटेतून बाजूला कसं व्हायचं तेच कळेना. ती भाजी चिरायला बसली की तो पाणी प्यायला तिथेच, तो दाढी करायला उभा राहिला की तिला नेमका तोच आरसा हवा.

तिसऱ्या वर्षी, थंडी पडायच्या थोडं आधी, तिचा फोन आला. “चार दिवस येतेय. जरा बोलायचंय.”

“ये की,” तो म्हणाला. मग तो उशी आणायला बाजारात गेला, कारण घरात एकच राहिली होती.

पहिले दोन दिवस दोघं पाहुण्यासारखी वागली. ती विचारून गॅस पेटवायची. तो विचारून दिवा मालवायचा. दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “अहो, तुमचा आवाज बसलाय का?”

“नाही.”

“मग असे बारीक का बोलता?”

“वापरात नाही,” तो म्हणाला.

ती ताटातली अंडी सोलायला लागली. बोलायचं होतं ते काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बूट घालत होता, तेव्हा अंगात जाड स्वेटर चढवून ती दारात येऊन उभी राहिली. “मला तुमचा रस्ता दाखवा.”

“तुला सायकल येते कुठे?”

“पेटीत बसेन. सामान बाजूला करा.”

एकतीस वर्षांत ती त्याच्या ट्रकमध्ये दोनदाच बसली होती. एकदा लग्नानंतर, एकदा घर बदललं तेव्हा. आता ती फावडं आणि दाताळ्याच्या मधे, घडी घातलेल्या घोंगडीवर, गुडघे जवळ घेऊन बसली. तो मागून पॅडल मारत होता, त्यामुळे त्याला तिचा अंबाडा आणि एक कान एवढंच दिसत होतं. पण तिला दाखवायला मात्र त्याच्याकडे बरंच होतं. ही मोरी पावसात तुंबते. इथे मागच्या वर्षी दरड आली, तीन दिवस उपसत होतो. ती पाटी वाऱ्याने फिरते, लोकांना उलट्या दिशेला खिंड दाखवते, म्हणून तिला मागून तारेने बांधलंय. ती ‘हं’ म्हणत होती. एकदा म्हणाली, “खडी बसते हो हाडांना,” आणि मग, “राहू दे, चला.”

सतराव्या किलोमीटरला रस्ता एकदम डावीकडे वळतो. त्या वळणावर एक सायकल आडवी पडलेली दिसली. तिच्यापलीकडे एक दाढीवाला माणूस रस्त्यावर बसलेला, कपाळावरून दाढीत रक्त उतरलेलं, आणि त्याच्यापुढे एक बाई गुडघे टेकून, जखमेवर रुमाल दाबून बसलेली. तिची सायकल कडेला उभी होती.

“माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. “वळणावर घसरला. मघापासून तीनदा विचारलंन, आपण कुठे आहोत म्हणून.”

भोंग्याने त्याच्यासमोर बसून त्याचे डोळे पाहिले. मनगट वाकडं झालं होतं आणि सुजत चाललं होतं. जखम पुसून त्याने डोक्याला पट्टी बांधली, मनगटाखाली लाकडी फळी घालून तेही बांधलं. दाढीवाल्याने चौथ्यांदा विचारलं, “आपण कुठे आहोत?”

“डोंगरात,” भोंगा म्हणाला. “खाली जायचंय आता.”

फोनला तिथे सिग्नल नव्हता. बाराव्या किलोमीटरच्या उघड्यावर येतो, तिथून अॅम्ब्युलन्स बोलावता येईल, आणि ती येईल बसथांब्याजवळच्या दांड्यापर्यंत. तिथवर ह्याला न्यायला एक पेटी, आणि पेटीत जागा एका माणसाची.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती आधीच खाली उतरली होती आणि घोंगडी झटकत होती.

“इथे एकटी राहशील?”

“कोल्हे खातात का मला?”

“तीन तास लागतील. थोडे जास्तच. थर्मास ठेवतो. डबा आहे.”

“जा हो तुम्ही. ह्यांची सायकल मी राखते.”

त्याने हत्यारं कडेला काढून ठेवली, दाढीवाल्याला घोंगडीवर बसवलं, त्याच्या पाठीला स्वतःचं जाकीट दिलं. जखमीची बहीण आपल्या सायकलवर मागे निघाली. वळण ओलांडताना त्याने मागे पाहिलं. बायको दगडावर बसली होती, मांडीवर डबा, तोंड दरीकडे.

उतारावर घाई करून चालणार नव्हतं. खडीवर प्रत्येक धक्क्याला दाढीवाला कण्हत होता. भोंगा ब्रेक धरून, सावकाश, चांगल्या डोळ्याने रस्ता वाचत उतरवत होता. त्याला वाटलं, आपण तिला सोडून निघालो असं किती वेळा झालं असेल. मुलगी जन्मली तेव्हा तो बंदरावर माल उतरायची वाट बघत रांगेत उभा होता. सासरे गेले तेव्हा दोन दिवसांच्या अंतरावर होता. पण तेव्हा निघताना मन पुढे असायचं, गिअरमध्ये, वजनकाट्यात, पुढच्या चहात. मागे दारात कोण उभं आहे हे कधी डोळ्यांसमोर राहिलं नव्हतं. आज तो तिच्यापासून लांब जात होता आणि प्रत्येक किलोमीटरचा दगड त्याला मोजून जाणवत होता.

बाराव्या किलोमीटरला फोन लागला. दांड्यापाशी पोचेपर्यंत अॅम्ब्युलन्स येऊन उभी होती. दाढीवाल्याने चढवताना त्याचा हात धरला आणि म्हणाला, “मला आठवतंय आता. तुम्ही मघाशी हात वर केला होता.” तो दुसराच कोणी असणार, पण भोंगा हो म्हणाला. बहिणीने फोन नंबर लिहून घेतला, आपली सायकल दांड्याशी लावली, दोन्ही सायकली उद्या नेऊ म्हणाली, आणि गाडी गेली.

वर जाताना चढ होता, वारा समोरून होता आणि बॅटरी अर्ध्यावर आली होती. तो उभा राहून पॅडल मारत होता. एकही सायकल भेटली नाही. सतराव्या किलोमीटरला पोचला तेव्हा तीन तास वीस मिनिटं झाली होती.

वळणावर दाढीवाल्याची सायकल दगडाला टेकवलेली होती. डबा होता, थर्मास होता, दाताळं आडवं पडलं होतं. बायको नव्हती.

त्याने दरीच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. मग वरच्या बाजूला पाहिलं. मग त्याने तिला हाक मारली. कधीपासून वापरात नसलेला तो आवाज निघाला आणि समोरच्या कड्यावर आपटून दोनदा परत आला. झुडपातून पाखरं उठली. त्याने पुन्हा हाक मारली.

“आले, आले,” मोरीच्या खालून आवाज आला. हातात पाण्याची बाटली घेऊन, दगडांना धरत ती वर येत होती. “केवढ्याने ओरडता. पाणी भरायला गेले होते ओढ्यावर. मेलेली माणसं उठून बसतील.”

तो रस्त्यावरच बसला. ती शेजारी बसली आणि बाटली त्याच्या हातात दिली. पाणी पिता पिता त्याचं लक्ष वळणाकडे गेलं. दाढीवाल्याच्या सायकलीने ओढलेला लांब चरा बुजला होता. बाहेर फेकलेली खडी आत आली होती, नीट सारखी केलेली, काजांच्या टाक्यांसारखी बारीक, जवळजवळ.

“तू केलंस?”

“मग काय करणार बसून? दाताळं होतंच. बरोबर झालंय का?”

“झालंय,” तो म्हणाला. झालं नव्हतं. उतार तिने आतल्या बाजूला दिला होता, पहिल्या पावसात पाणी साचणार होतं. पण ते उद्या बघता आलं असतं.

“कसा आहे तो माणूस?”

“भानावर आला. हात मोडलाय.”

थर्मासमधला उरलेला चहा तिने झाकणात ओतला. कोमटही राहिला नव्हता. ती म्हणाली, “तीन तासांत एक माणूस गेला. म्हातारा होता, सायकलवर. मी म्हटलं, थांबा, चहा आहे. त्याने हात वर केला आणि गेला.”

“थांबत नाहीत.”

“मला राग आला त्याचा. तुम्हाला नाही येत?”

“पहिल्या वर्षी यायचा.”

तिने थर्मासचं तोंड घट्ट लावलं आणि म्हणाली, “पोरगी लहान होती, तेव्हा तुम्ही गाडी घेऊन गेलात की मला वाटायचं, हे मजेत असतील. चार ड्रायव्हर, चहा, गप्पा, हसणं. मी इथे एकटी आणि हे चौघांत.”

तो खोटं बोलू शकला असता. “तेव्हा चौघांतच असायचो,” तो म्हणाला.

“ते माहितीये मला. आता तुमचं रोजचं असं एकट्याचं आहे, हे नव्हतं माहीत.” तिने खडीतला एक खडा उचलून बोटांत फिरवला. “तुम्ही मला आज पुन्हा सोडून गेलात बघा. पण ह्या वेळी कुठे जाताय, कशासाठी जाताय, ते दिसलं. तेवढं आधी कधी दिसलं असतं तर बरं झालं असतं.”

त्याने झाकणातला चहा अर्धा पिऊन झाकण तिच्या हातात दिलं.

“मी सांगायला आले होते,” ती म्हणाली. “मी तिकडेच राहते आता. पोरीला गरज आहे, आणि मलाही तिथे एका शिवणकारखान्यात काम मिळतंय, काजांचंच. येणं-जाणं नुसतं म्हणायला ठेवण्यात अर्थ नाही. तुम्हीही चला. पोरीने विचारलंय तुम्हाला.”

“तिथे मी काय करू?”

“काय करू म्हणजे? राहा. सगळे राहतात तसे.”

“मला त्याचा सराव नाही.”

खिंडीकडून ढग उतरायला लागले होते आणि हवेत बोचरा गारवा आला होता. तो उठला, हत्यारं मागे बांधली, दाढीवाल्याची सायकल पेटीच्या कडेला दोरीने अडकवली. ती आत बसल्यावर त्याने तिच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली.

“बर्फ पडलं की चार महिने रस्ता बंद असतो,” तो मागून म्हणाला.

“मग?”

“तेव्हा येईन म्हणतो.”

“म्हणतो नको. येतो म्हणा.”

“येतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने ती गेली. बस वळेपर्यंत तो उभा राहिला. मग दांडा ओलांडून सतराव्या किलोमीटरला गेला, तिने घातलेली खडी उकलली आणि उतार बाहेरच्या बाजूला काढून नीट दाबला. त्या कामाला दीड तास लागला. बायकोने केलेलं काम मोडताना बरं वाटलं नाही, पण पाणी कोणाची भीड धरत नाही.

बर्फ पडलं. सुपरवायझरबाईंबरोबर त्याने दोन्ही तोंडांना कुलपं घातली आणि तो मुलीकडे गेला. सहाव्या मजल्यावरचं घर होतं. बायकोने कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. नात पहिले तीन दिवस त्याचा आवाज ऐकून रडली, चौथ्या दिवसापासून त्याच्या मागे मागे ‘भों’ करत फिरायला लागली. जावई सभ्य होता, रोज संध्याकाळी “काय बाबा, कसा गेला दिवस?” असं विचारायचा, आणि भोंगा रोज “छान” म्हणायचा. सकाळी आठला सगळी आपापल्या वाटेने जायची. नात पाळणाघरात, बायको कारखान्यात. तो दोन फेऱ्या खाली मारून यायचा, एकदा फ्रीज उघडून बंद करायचा, आणि मग गॅलरीत उभा राहायचा. सहा वाजले की कोपऱ्यावरून बायकांचा घोळका वळायचा, त्यात करड्या स्वेटरची ती असायची. वाट बघणं किती कंटाळवाणं काम आहे, ते त्याला साठीला आल्यावर कळलं. त्याने हे तिला एकदा सांगितलं. ती भांडी विसळत होती, “हं,” म्हणाली, आणि थोड्या वेळाने त्याच्या हातात पुसायचं फडकं दिलं. त्यानंतर रोज रात्री तो भांडी पुसायचा आणि ती कारखान्यातलं काहीबाही सांगायची. तेवढा अर्धा तास चांगला जायचा.

चार महिन्यांचं म्हणून गेलेला माणूस सात आठवड्यांत निघाला. कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी फार राहाही म्हटलं नाही. बायको थांब्यावर सोडायला आली.

“रस्ता उघडायला अजून दोन महिने आहेत ना?” ती म्हणाली.

“आहेत.”

“मग काय करणार तिथे?”

“बघतो.”

तिने त्याच्या मफलरचं टोक जाकिटात खोचलं. “पुढच्या वर्षी आठ आठवडे राहा,” ती म्हणाली, आणि बस आली.

घरात सगळं जागच्या जागी होतं आणि गार होतं. त्याने दोन्ही खोल्यांतल्या खिडक्या उघडल्या, चहा केला, तीनचाकीच्या साखळीला तेल दिलं. मग काही सुचेना म्हणून बूट चढवून दांड्यापर्यंत गेला. कुलूप थिजलं होतं. तो बाजूने आत शिरला आणि चालत राहिला. दुसऱ्या किलोमीटरपर्यंत बर्फ घोट्याइतकं होतं, चौथ्याला गुडघ्यापर्यंत आलं. पुढे जाण्यात शहाणपण नव्हतं. परतताना पाहिलं तर पहिल्या मोरीचं तोंड पाल्याने भरलं होतं, ते त्याने हातानेच मोकळं केलं. आतून थोडं पाणी वाहायला लागलं. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला, हात काखेत घालून, बोटांना ऊब येईपर्यंत.